शंका-समाधान : रेंज घालवणारा डबा

या महिन्याच्या टपालात मोबाइल जॅमरविषयी चार पत्रे आली. ती वेगवेगळ्या गावांतून आणि वेगवेगळ्या गरजेतून लिहिलेली असली, तरी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या आधाराने अधिक नीट कळते, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझ्या भावाच्या परीक्षा केंद्रावर जॅमर लावला होता. त्याला सोडायला गेलो, तेव्हा फाटकाजवळच बाबांच्या फोनची रेंज गेली. हे यंत्र हवेतल्या लहरी शोषून घेते की अडवते? आणि टॉवर एवढा मोठा असताना लहानसा डबा त्याच्यावर मात कशी करतो? (अकरावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तू मांडलेले दोन्ही तर्क पुष्कळांच्या मनात असतात, परंतु जॅमर यांपैकी काहीच करत नाही. तो लहरी शोषत नाही, अडवतही नाही. तो स्वतःच लहरी सोडतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकाच्या शेजारी उभी राहून मैत्रिणीशी बोलून पाहा. तिचा आवाज तुझ्या कानापर्यंत येतच असतो, तिचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द लागत नाहीत. फोनचे नेमके असेच होते. टॉवरचा संदेश त्याच्या अँटेनापर्यंत पोहोचतो, मात्र त्याच वारंवारतेवर जॅमरने ओतलेल्या अर्थहीन गोंगाटातून तो निवडून काढणे फोनला जमत नाही. प्रत्येक टॉवर आपली ओळख आणि वेळेचा ठेका अखंड प्रसारित करत असतो, आणि फोन आधी तो ठेका पकडतो, मगच पुढचे बोलणे सुरू होते. ठेकाच हरवला, की जवळपास टॉवर नाहीच असे समजून फोन ‘नो सर्व्हिस’ दाखवतो.

आता मात करण्याविषयी. टॉवरवरील प्रक्षेपकाची शक्ती वीस-चाळीस वॉट असली, तरी तो संकेत अंतर कापत, भिंती ओलांडत तुझ्या हातात येईपर्यंत कमालीचा क्षीण झालेला असतो. एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाइतक्या संकेतावरही फोन काम चालवतो, यावरून त्याचा कान किती तिखट असतो ते लक्षात येईल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाईवर येते. टॉवर ५०० मीटरवर आणि जॅमर १० मीटरवर असेल, तर अंतराचे गुणोत्तर ५० आणि त्याचा वर्ग २५००. म्हणजे दोघांची मूळ शक्ती सारखी धरली, तरी फोनजवळ जॅमरचा आवाज अडीच हजार पट मोठा असतो, आणि मधल्या इमारतींनी टॉवरच्या संकेताचे केलेले नुकसान यात अजून धरलेलेच नाही. म्हणून एक-दोन वॉटचा डबा पुरतो. हाच हिशेब उलटही लागू पडतो : टॉवर अगदी शेजारी असेल, तर तोच जॅमर काही पावलांपलीकडे निष्प्रभ ठरतो.

डब्याच्या माथ्यावर ओळीने उभ्या केलेल्या अँटेना तू पाहिल्या असतील. प्रत्येक दांडी एकेका वारंवारता-पट्ट्यासाठी असते. साध्या जॅमरमध्ये एक आंदोलक, म्हणजे लहर निर्माण करणारा भाग, असतो आणि त्याला चढउतार होणारा विद्युतदाब दिला जातो, त्यामुळे त्याची वारंवारता पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सेकंदाला हजारो वेळा झाडू मारल्यासारखी फिरत राहते. पुढे तो संकेत मोठा करणारा वर्धक असतो. या वर्धकामुळे डबा चांगलाच तापतो, आणि त्यासाठी त्यात पंखाही बसवलेला असतो.

आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. टॉवरकडून फोनकडे आणि फोनकडून टॉवरकडे होणारी वाहतूक पुष्कळदा दोन वेगळ्या पट्ट्यांतून चालते. ९०० मेगाहर्ट्झच्या मूळ जीएसएम (टूजीच्या काळातील मोबाइल पद्धत) रचनेत फोन ८९० ते ९१५ मध्ये बोलतो आणि टॉवर ९३५ ते ९६० मध्ये. जॅमर सहसा टॉवरच्या बोलण्यावर गोंगाट करतो, कारण तो ऐकणारा फोन खाली, जवळच असतो, आणि त्यामुळे परिणाम जवळच्या फोनपुरता राहण्याची काही शक्यता उरते. फोनच्या बोलण्यावर गोंगाट केला, तर तो उंचावर बसलेल्या टॉवरच्या कानात जातो आणि त्या टॉवरवर विसंबलेल्या सगळ्या वस्तीला त्रास होतो.

प्रश्न : माझी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका आहे. मुले गावाकडून येतात, आईवडील शेतीतून पैसे काढून पाठवतात, आणि इथे पुस्तक उघडे ठेवून तासन् तास रील पाहत बसतात. एका संकेतस्थळावर परवडणाऱ्या किमतीत जॅमर दिसला. हेतू चांगला असेल तर तो लावायला हरकत आहे का? (एक अभ्यासिका-चालक, पुणे)

उत्तर : हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. आपली तळमळ मला पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसली, म्हणून कारणांसह लिहितो.

भारतात खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला जॅमर विकत घेता येत नाही आणि वापरताही येत नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये हे जाहीर सूचनेद्वारे पुन्हा स्पष्ट केले; अशा यंत्रांची जाहिरात, विक्री आणि आयात करणेही बेकायदा असल्याचे त्याच सूचनेत म्हटले होते. त्यामुळे ‘खुलेआम विकतात, म्हणजे चालत असेल’ हा तर्क येथे लागू नाही. राज्य सरकारे, सैन्यदले, केंद्रीय पोलीस दले यांनासुद्धा केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयातील सचिव (सुरक्षा) यांची परवानगी लागते. सांगलीच्या विद्यार्थिनीने लिहिलेल्या परीक्षा केंद्रासारख्या ठिकाणी परीक्षा घेणाऱ्या वैधानिक संस्थेला ठरावीक काळापुरती, कमी शक्तीच्या यंत्रासाठी परवानगी मिळते. शिकवणी वर्ग, अभ्यासिका, मंगल कार्यालय किंवा देवस्थान या यादीत कुठेच बसत नाही.

कायदा इतका कडक का, याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे. जॅमरचा गोंगाट आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीपाशी थांबत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आपली खोली असेल, तर वरच्या मजल्यावरचे आजोबा, खालचे औषधांचे दुकान आणि शेजारच्या गल्लीतला रिक्षावाला या सगळ्यांचे फोन त्या कवेत येतात. एरवी आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. जॅमर मात्र सगळ्याच कंपन्यांचे पट्टे एकदम बुजवतो, म्हणून तोही मार्ग बंद होतो. रील पाहणाऱ्याचा फोन कोणता आणि छातीत कळ आल्यावर मुलाला लावलेला फोन कोणता, हे त्या डब्याला कळत नाही. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

आपल्यासारख्याच चांगल्या हेतूने घडलेली दोन उदाहरणे देतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मेसांज नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे रोज मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत फोन आणि इंटरनेट बंद पडू लागले, तेव्हा वारंवारतांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने उपकरणे घेऊन माग काढला. एका वडिलांनी मुलांनी रात्री फोनवर जागू नये म्हणून घरात जॅमर लावला होता, आणि त्याने त्यांच्या मुलांबरोबर गावालाही झोपवले होते. ही हकिकत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाचे आहे. गाडी चालवताना लोक फोनवर बोलतात याचा राग येऊन एक गृहस्थ कामावर जाता-येता गाडीत जॅमर चालू ठेवत. रोज सकाळ-संध्याकाळ एकाच महामार्गालगतचे टॉवर का बिघडतात, अशी तक्रार एका मोबाइल कंपनीने केली, आणि मे २०१३ मध्ये त्यांची गाडी सापडली. त्यांना थांबवायला जवळ गेलेल्या पोलिसांचे वायरलेस संचही बंद पडले होते. पुढच्या वर्षी त्यांच्यावर ४८,००० डॉलरचा दंड प्रस्तावित झाला.

काही वाचक सुचवतात की लहरी सोडण्याऐवजी खोलीलाच धातूचे अस्तर लावावे. ते वाटते तितके सोपे नाही. मी घरातल्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात फोन ठेवून, झाकण घट्ट लावून, दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. आतून रिंग ऐकू आली. झाकणाच्या कडेची केसाएवढी फटही या लहरींना पुरते. तोच फोन अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सगळ्या बाजूंनी दोनदा गुंडाळला, तेव्हा कुठे तो गप्प झाला. दारे-खिडक्या असलेली खोली अशी गुंडाळता येत नाही, आणि समजा आली, तरी संकटकाळी फोन न लागण्याचा धोका आत बसलेल्यांसाठी तसाच राहतो.

मग उपाय काय? दाराशी कुलपाचे कप्पे ठेवा, फोन जमा करून बिल्ला द्या, वाय-फायचा पासवर्ड देऊ नका, आणि अभ्यासिकेचा एक तारेच्या जोडणीचा (लँडलाइन) फोन टेबलावर ठेवून त्याचा क्रमांक पालकांना कळवा, म्हणजे घरून निकडीचा निरोप आला तर तो पोहोचेल. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे फोन परत द्या. यात आपल्याला रोज दाराशी उभे राहावे लागेल, हे खरे आहे.

प्रश्न : आमची वसाहत कारागृहाच्या भिंतीला लागून आहे. घरात फोन लागत नाही, गच्चीवर जावे लागते. तरीही आतले कैदी फोनवर बोलतात अशा बातम्या येतातच. मग हा जॅमर नेमका कोणाला अडवतो? (एक गृहिणी)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. तुरुंगातून फोनवर खंडणी मागणे, साक्षीदारांना धमकावणे हे गुन्हे घडलेले असल्यामुळे तिथे जॅमर लावण्यामागे सबळ कारण आहे. अडचण यंत्राच्या वयाची आहे. जॅमर ज्या पट्ट्यांसाठी बांधला, तेवढेच पट्टे बुजवतो. टूजीच्या काळात ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ बुजवले की काम होत असे. पुढे थ्रीजीसाठी २१०० आला, फोरजीसाठी २३०० आला, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्हजी सुरू झाल्यावर ७०० आणि ३३०० च्या पुढचे पट्टेही वापरात आले. जुना जॅमर त्यांपैकी काहींबाबत मुका असतो. आतल्या चोरट्या फोनला असा एखादा मोकळा पट्टा मिळाला की तो चालतो, आणि बाहेर आपला जुना फोन मात्र बुजलेल्या पट्ट्यावर अडून बसतो.

भिंतीबाहेर त्रास होण्याची कारणेही तांत्रिक आहेत. आपल्याकडे ८०० च्या पट्ट्यात टॉवर ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झवर बोलतो, आणि ९०० च्या पट्ट्यात फोनचे बोलणे ८९० पासून सुरू होते. मध्ये जेमतेम एका मेगाहर्ट्झचा बांध आहे. जॅमरची गाळणी (नको त्या वारंवारता अडवणारा भाग) ढिली असेल, तर पहिल्या पट्ट्यावरचा गोंगाट बांध ओलांडून दुसऱ्यात झिरपतो आणि थेट टॉवरच्या कानात शिरतो. २३०० आणि ३३०० मध्ये तर टॉवर आणि फोन एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतात, त्यामुळे तिथे फक्त फोनलाच बहिरे करण्याची सोय मुळातच नाही.

यावर अधिक शहाणा मार्ग निघाला आहे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात गोंगाट करण्याऐवजी आवारातच मोबाइल कंपन्यांच्या संकेतांचा एक नियंत्रित टॉवर उभारण्यात आला. आतले फोन त्यालाच जवळचा टॉवर समजून जोडले जातात आणि परवानगी नसलेल्यांचे कॉल तिथेच थांबवले जातात. असा टॉवर बाहेर ऐकू जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते, पण कोणता फोन थांबवायचा आणि कोणता सोडायचा हे त्याला ठरवता येते, आणि जॅमरला ते कधीच येत नाही.

आपण मात्र हे करा. आठवडाभर एक वही ठेवा : कोणत्या खोलीत, किती वाजता, कोणत्या कंपनीच्या सिमवर रेंजच्या किती दांड्या दिसल्या. एकाच कंपनीची रेंज जात असेल, तर दोष बहुधा टॉवरचा आहे. सगळ्यांची एकदम जात असेल, तर संशय जॅमरवर जातो. ही नोंद जोडून मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दूरसंचार विभागाची बिनतारी देखरेख संघटना मोजमापे घेऊन असा अडथळा शोधू शकते, आणि शेजाऱ्यांनी मिळून दिलेल्या नोंदींना एकट्याच्या तक्रारीपेक्षा अधिक वजन येते.

प्रश्न : मोठ्या नेत्याचा ताफा गेला तेव्हा रस्त्याकडेच्या आमच्या दुकानात चालू असलेला कॉल तुटला आणि थोड्या वेळाने रेंज आपोआप परत आली. हा योगायोग होता का? (एक दुकानदार, नांदेड)

उत्तर : बहुधा नाही. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या ताफ्यात जॅमर बसवलेली गाडी असते, आणि दूरनियंत्रकाने किंवा फोनने होणारा स्फोट रोखणे हे तिचे काम असते. गाडी दूर गेली की गोंगाट ओसरतो, फोन पुन्हा टॉवरचा ठेका पकडतो आणि दांड्या परत येतात. १४ डिसेंबर २००३ रोजी रावळपिंडीत तेव्हाचे पाकिस्तानी अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांचा ताफा एका पुलावरून गेल्यानंतर लगेच तो पूल उडवला गेला; ताफ्यातील जॅमरमुळे स्फोट लांबला, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले होते. मात्र या संरक्षणाला मर्यादा आहे. पुढच्याच वर्षी ११ मार्चला माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या बॉम्बनाही मोबाइल फोन जोडलेले होते, पण मारेकऱ्यांनी फोनमधला गजर वापरला होता, आणि गजर वाजायला रेंज लागत नाही.