वाचकांचे प्रश्न : इयरबड्सचे रीसेट आणि त्यांचे नाव

प्रश्न : मुलाने नवे इयरबड्स घेतल्यावर त्याचे जुने मला दिले. मी डबी उघडून ते कानात घालते, तोच ते शेजारच्या खोलीतील त्याच्या लॅपटॉपला जोडले जातात. माझ्या फोनच्या यादीतून ते दोनदा काढून पुन्हा जोडले, तरी उपयोग झाला नाही. आता तर फक्त उजव्या कानात आवाज येतो. रीसेट करणे हाच उपाय आहे का, आणि तो कसा करावा? — एक निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

उत्तर : आपण जे केले ते चुकीचे नव्हते, पण ते एकाच बाजूने झाले. ब्लूटूथची जोडणी होते तेव्हा फोन आणि इयरबड्स यांच्यात एक गुप्त कळ ठरते आणि ती दोघेही आपापल्याकडे जपून ठेवतात. फोनमध्ये 'फर्गेट' केले की फोनकडची नोंद पुसली जाते. इयरबड्समध्ये मात्र आधी जोडलेल्या उपकरणांची यादी तशीच राहते, आणि डबीतून बाहेर येताच ते त्या यादीतील ओळखीचे उपकरण शोधू लागतात. आपल्या चिरंजीवांचा लॅपटॉप सुरू असेल आणि त्याचे ब्लूटूथ चालू असेल, तर तो आपल्या फोनच्या आधी त्यांना गाठणार, यात नवल नाही. ही यादी पुसण्याचे काम रीसेट करते.

त्यापूर्वी एका कानाचे पाहू, कारण तो दोष पुष्कळदा रीसेटविनाच दूर होतो. फोनच्या 'ॲक्सेसिबिलिटी' या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल राखणारी एक पट्टी असते. ती चुकून एका टोकाला सरकली असेल, तर दुसरा कान मुका होतो. ती मध्यावर असेल तर डबीत पाहावे. बड जिथे बसतो त्या खोबणीच्या तळाशी सोनेरी रंगाच्या बारीक पिना असतात आणि बडच्या खालच्या अंगाला त्यांना टेकणारे तेवढेच ठिपके असतात. मुंबईच्या दमट हवेत घाम आणि कानातील मळ यांचा तिथे हिरवट-काळसर थर बसतो, मग तो बड डबीत असूनही चार्ज होत नाही आणि डबीलाही तो आत असल्याचे कळत नाही. अशा स्थितीत रीसेट केले तर ते एकाच बडचे होते आणि घोळ वाढतो. कोरड्या कापसाच्या काडीने दोन्हीकडचे ठिपके पुसावेत; थर चिवट असेल तर काडीच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा लावावा. पाणी किंवा सुई वापरू नये.

आता रीसेट. आधी आपल्या फोनमधील आणि मुलाच्या लॅपटॉपमधील नोंद काढून टाकावी. लॅपटॉपकडे मुद्दाम लक्ष द्यावे, कारण तिथे जुनी कळ राहिली तर रीसेटनंतर जोडणी होणार नाही, पण यादीत नाव दिसत राहील आणि उगाच गोंधळ उडेल. नंतर दोन्ही बड डबीत ठेवून दोन्ही चार्ज होत असल्याची खात्री करावी. पुढची कृती कंपनीनुसार बदलते. ज्यांच्या डबीला बटण असते, त्यांपैकी अनेकांत झाकण उघडे ठेवून ते बटण दिव्याचा रंग किंवा लुकलुकणे बदलेपर्यंत दाबून धरायचे असते. बटण नसलेल्या काही मॉडेल्समध्ये दोन्ही बडच्या स्पर्शपट्ट्या एकाच वेळी दाबून धराव्या लागतात. मागे बटण असलेल्या ॲपलच्या एअरपॉड्सची कृती ठरलेली आहे : बड आत ठेवून झाकण ३० सेकंद बंद ठेवावे, झाकण उघडून फोनमध्ये 'फर्गेट' करावे आणि मग डबीच्या मागचे बटण सुमारे १५ सेकंद, दिवा आधी पिवळसर आणि नंतर पांढरा लुकलुकेपर्यंत, दाबून धरावे. सॅमसंगच्या गॅलक्सी बड्ससाठी 'गॅलक्सी वेअरेबल' या ॲपमध्येच रीसेटचा पर्याय आहे. इतर कंपन्यांसाठी खोक्यातील पत्रक पाहावे. ते टाकून दिले असल्यास मॉडेलचा क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावे, एखाद्या दुसऱ्याच मॉडेलचा व्हिडिओ पाहून बटणे दाबत बसू नये.

रीसेटनंतर पहिली जोडणी आपल्या फोनशी करावी, आणि ती होईपर्यंत लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद ठेवायला चिरंजीवांना सांगावे. स्वस्त मॉडेल्समध्ये फोनच्या यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी, एकीच्या शेवटी 'एल' आणि दुसरीच्या शेवटी 'आर', अशा दिसल्या, तर दोन बडची आपसातील जोडी तुटली आहे असे समजावे. तिथेही दोन्ही बड एकत्र रीसेट करणे हाच मार्ग आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात चौघांकडे एकाच मॉडेलचे इयरबड्स आहेत, त्यामुळे यादीत चार सारखी नावे दिसतात. मी माझ्या फोनवर नाव बदलले, पण लॅपटॉपवर जुनेच नाव येते. नाव मराठीत ठेवता येईल का? शिवाय दादरला गाडी बदलताना गर्दीत आवाज तुटतो. रीसेटने तो सुधारेल का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : नाव कुठे लिहिले गेले यावर सारे अवलंबून आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत इयरबड्सच्या नावापुढील चक्राला स्पर्श करून, मग पेन्सिलच्या चिन्हाने आपण जे नाव देतो, ते त्या फोनने स्वतःपुरते लावलेले टोपणनाव असते. लॅपटॉपला त्याचा पत्ता नसतो, आणि 'फर्गेट' केल्यावर तेही जाते. नाव सगळीकडे बदलायचे असेल तर ते इयरबड्सच्या आत लिहिले गेले पाहिजे, आणि ते कंपनीच्या ॲपमधून, तेही त्यात तशी सोय असेल तरच शक्य होते. एअरपॉड्स जोडलेले असताना आयफोनच्या सेटिंग्जमध्ये त्यांच्या नावावर जाऊन ते बदलता येते. आतले नाव बदलले तरी लॅपटॉपने पूर्वीचे नाव साठवून ठेवलेले असू शकते. तिथली नोंद काढून पुन्हा जोडावे. चौघांपैकी कोणाच्याच ॲपमध्ये ही सोय नसेल, तर जोडणी एकेकाने करावी आणि तोवर इतरांनी आपल्या डब्या बंद ठेवाव्यात.

मराठी नावाला ब्लूटूथच्या नियमांची आडकाठी नाही. नाव यूटीएफ-८ या, जगातील बहुतेक लिप्या साठवू शकणाऱ्या पद्धतीने लिहिले जाते आणि त्याला २४८ बाइट्सची (बाइट म्हणजे साठवणुकीचे छोटे एकक) मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट्स घेते, आणि काना-मात्रा हेही वेगळे चिन्ह मोजले जाते. म्हणजे 'दादर' हे नाव १२ बाइट्सचे झाले. कंपनीच्या ॲपची मर्यादा मात्र पुष्कळ कमी असू शकते, आणि मोटारीतील जुन्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसण्याची शक्यता असते. नावात मोबाइल क्रमांक लिहू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. हरवल्यास कोणी परत करील या आशेने लोक तो लिहितात, पण इयरबड्स जोडणीच्या स्थितीत असताना ते नाव आसपासच्या प्रत्येक फोनवर दिसते, आणि लोकलच्या डब्यात 'आसपास' म्हणजे किती माणसे, हे आपल्याला सांगायला नको.

दादरच्या गर्दीवर रीसेट हा उपाय नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि तोच पट्टा वाय-फायही वापरते. ध्वनीसाठी रूढ असलेल्या पद्धतीत या पट्ट्याच्या ७९ वाहिन्या, म्हणजे अरुंद मार्गिका, केलेल्या असतात आणि उपकरण सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलू शकते. २००३ पासून गजबजलेल्या वाहिन्या टाळण्याची सोयही त्यात आहे. तरीही फलाटावर शेकडो उपकरणे एकाच वेळी बोलत असतात, आणि माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. फोन पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवण्याऐवजी वरच्या खिशात ठेवून पाहावा, बराच फरक पडतो. खिशाचे गर्दीत काय होईल, त्याची काळजी मात्र ज्याची त्याने घ्यावी.

प्रश्न : ओळखीतून जुने एअरपॉड्स घेतले. रीसेट केले तरी फोन म्हणतो, हे दुसऱ्याच्या खात्याशी जोडलेले आहेत. काय करावे? — एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : पहिल्या मालकाला गाठावे. एअरपॉड्सची अलीकडची अनेक मॉडेल्स हरवलेले उपकरण शोधण्याच्या 'फाइंड माय' या सुविधेद्वारे मालकाच्या ॲपल खात्याशी बांधली जातात, आणि ती गाठ रीसेटने सुटत नाही, कारण ती बड्समध्ये नसून खात्यात असते. त्याने आपल्या फोनवरील 'फाइंड माय'मधून ते काढले की आपण पुन्हा रीसेट करून जोडावेत. तो काढायला तयार नसेल, तर पैसे परत मागावेत आणि वस्तू त्याचीच होती का, हेही विचारावे.

प्रश्न : बॅटरी तासाभरात संपते. रीसेट करू का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : करून पाहायला हरकत नाही, पण झिजलेली लिथियम-आयन बॅटरी त्याने ताजी होत नाही. आवाज सतत कमाल पातळीवर ठेवण्याची आणि बाहेरचा गोंगाट रोखण्याची सोय कायम चालू ठेवण्याची सवय असल्यास ती आधी बदलावी. तरीही फरक पडला नाही तर नवे घ्यावेत, आणि जुने कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावेत. देण्यापूर्वी फोनमधून आणि खात्यातून त्यांची नोंद काढायला विसरू नये.