प्लग बदलल्यावर जुनी मारुती ८०० मिसिंग का करते?

कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये तिन्ही स्पार्क प्लग नवे बसवल्यापासून इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना) थरथरते आणि चढावर मिसिंग करते, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही, असे आपण लिहिले आहे. काम झाल्याबरोबर दोष सुरू झाला असेल, तर कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) उघडण्यापूर्वी जेथे हात लागला होता तेथेच शोध घ्यावा.

या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे. प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली असती, तर दोन सिलिंडर चुकीच्या वेळी पेटून गाडी बहुधा सुरूच झाली नसती. म्हणून आपल्याकडे एकच सिलिंडर बंद असावा. तो ओळखण्यासाठी इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढून तिला जुना प्लग लावावा, तो इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून ठेवावा आणि मग इंजिन सुरू करावे. असे तिन्ही सिलिंडरांना आळीपाळीने करावे; ज्याची वायर काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. (चालू इंजिनात वायर उपटण्याची काही मेकॅनिकांची सवय मात्र अंगाशी येते.)

आता तेथील प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावावा. दोष प्लगसोबत सरकला, तर गॅप (प्लगच्या टोकाशी ठिणगी पडण्याची फट) सुमारे ०.७ ते ०.८ मिमी आहे का आणि पांढरा चिनी मातीचा भाग तडकला आहे का, हे पाहावे. दोष जागीच राहिला, तर माझा पहिला संशय वायरवर, कारण रबरी टोपीऐवजी वायरच ओढली गेली की जुन्या वायरीतला कार्बनचा गाभा आतून तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वायर बदलूनही तो सिलिंडर चालत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासावे.