पेनसिल्व्हेनियातले शिकारीच म्हणतात हरणं संपली, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत शिकारी स्वतःच ओरडतात की हरणं कमी झाली, सरकारने वाट्टेल तेवढी मारू दिली, तर मारणारेच अशी तक्रार कसे करतात आणि त्यात तथ्य किती. पूर्ण अमेरिकेचं मी सांगू शकत नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. पण मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि हा वाद इथे जेवढा पेटला तेवढा क्वचितच कुठे पेटला असेल, म्हणून इथलंच सांगतो.

आधी माझं थोडं. मी मूळचा कर्जतचा, नगरकडच्या. रेहेकुरीची काळविटं बघत मोठा झालो आणि शिकार म्हणजे गुन्हा एवढंच डोक्यात होतं, आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर तसंच आहे. इथे ऑफिसमधल्या एकाने त्याच्या वडिलांच्या कॅम्पवर नेलं, पॉटर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा), डोंगरात लाकडी खोली, आत चूल आणि बंक बेड. पहिली दोन वर्षं मी नुसता सोबत बसलो, मग सेफ्टीचा कोर्स केला (तो केल्याशिवाय पहिलं लायसन्स मिळत नाही) आणि आता सात सीझन झाले. फ्रीजरमधे वर्षभराचं मटण असतं ते त्या डोंगरातलं.

तर उत्तर. हो, हरणं कमी झाली, आणि मुद्दाम कमी केली गेली. संपली मात्र नाहीत, आजही राज्यात पंधरा लाखांच्या आसपास धरतात. पण शिकारी खोटं बोलतात असं अजिबात नाही, आणि हे मी आधीच स्पष्ट सांगतो कारण शहरातले लोक हा विषय निघाला की "यांना झाडाखाली बांधून ठेवलेलं हरीण पाहिजे" असं बोलून मोकळे होतात आणि मला त्याचा खरंच राग येतो.

सहकाऱ्याचे वडील, आम्ही त्यांना पॉप म्हणतो, त्यांनी एक वही ठेवलीय. सीझनच्या पहिल्या दिवशी किती हरणं दिसली ते दरवर्षी लिहायचं. हा पहिला दिवस म्हणजे थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबर अखेरच्या सणानंतरचा सोमवार, गावातल्या शाळांना सुट्टी असायची, हॉटेलं पहाटे तीनला उघडायची, आपल्याकडे जत्रेला असतं ना तसं सगळं. (२०१९ पासून तो शनिवार केला, त्यावरूनही लोक नाराज आहेत.) वहीत जुन्या वर्षांपुढे तीस, चाळीस असे आकडे आहेत. अलीकडच्या वर्षांपुढे चार, दोन, एका वर्षी शून्य. तोच डोंगर, तोच दगड, त्याच दगडावर बसलेला तोच माणूस. त्याला तुम्ही काय सांगणार, की हरणं भरपूर आहेत?

आता हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९०० च्या सुमाराला इथे हरीण जवळजवळ संपलं होतं. बाजारात मटण आणि कातडी विकायला बेसुमार शिकार झालेली, वर सगळे डोंगर लाकडासाठी बोडके केलेले. मग १९०६ ला मिशिगनहून हरणं विकत आणून सोडली, १९०७ ला मादी मारायला बंदी घातली. फक्त नर मारायचा. तिकडे बोडक्या डोंगरांवर कोवळा झाडोरा उगवायला लागला होता, हरणाच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीचा चारा, मैलोन् मैल. मादीला हात नाही, खायला भरपूर, लांडगा आणि पँथर (म्हणजे प्यूमा, आपला बिबट्या नव्हे) आधीच मारून संपवलेले. कळप नुसते फुटले. दोन दशकांत इतकी हरणं झाली की हिवाळ्यात उपाशी मरायला लागली आणि १९२८ ला गेम कमिशनला (राज्याचं शिकारीचं खातं) उलट फक्त बिनशिंगी हरणांचा, म्हणजे मुख्यतः माद्यांचा, सीझन काढावा लागला. तेव्हाही शिकाऱ्यांनी रान उठवलं होतं. म्हणजे तुम्ही आज ऐकताय ती तक्रार शंभर वर्षं जुनी आहे.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. मादी मारायची नाही हा इथल्या घरांमधे नुसता नियम नव्हता, संस्कार होता. बापाने पोराला पहिली बंदूक दिली की पहिलं वाक्य हेच. आणि त्यामागे खरी आठवण होती, हरीण संपलेलं त्यांच्या आज्याने डोळ्यांनी बघितलेलं. दुधाच्या जनावराला आपण जे मानतो त्यातलंच काहीतरी ते आहे असं मला तरी वाटतं.

पण जंगलाचं गणित मादीवर चालतं. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षी पाडसं तेवढीच. चांगलं खाणं असलं तर पोक्त मादी बहुतेक वेळा जुळी देते. म्हणजे फक्त नर मारत राहिलं तर कळप वाढत जातो आणि त्यात नर म्हणून राहतात ती दीड वर्षाची पोरंटोरं. इथे तेच झालेलं, मारलेल्या नरांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त दीड वर्षाचे असायचे, डोक्यावर दोन काड्या. (काळविटाची शिंगं जन्मभर तीच असतात, यांची दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात, आपल्या सांबराचीही तशीच, त्यामुळे वय वाढलं आणि खाणं चांगलं मिळालं की फाटे वाढतात.)

१९९९ ला गेम कमिशनने डॉ. गॅरी आल्ट यांच्याकडे हरणांचं खातं दिलं. ते आधी अस्वलांचे संशोधक म्हणून राज्यात लोकप्रिय होते. त्यांनी गावोगाव सभा घेऊन लोकांना समजावलं, मग नर आणि मादी दोन्हींचा रायफल सीझन एकत्र आणला, आणि २००२ पासून शिंगांची अट, म्हणजे तेव्हा बहुतेक भागात एका बाजूला तीन आणि पश्चिमेकडे चार टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही. मादीचे परमिट भरपूर दिले. त्या २००२ च्या सीझनमधे ५ लाख १७ हजारांहून जास्त हरणं मारली गेली, राज्याचा रेकॉर्ड. २००५ पर्यंत हाच आकडा साडेतीन लाखांच्या आसपास आला. या मधल्या काळात डोंगरात जे झालं तेच पॉपच्या वहीत दिसतं. लोक एवढे चिडले होते की आल्ट काही सभांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून जायचे असं छापून आलं होतं, आणि २००४ च्या शेवटी त्यांनी नोकरीच सोडली. एक शिकारी संघटना कोर्टातही गेली.

मग कमी करायची गरज होती का? मला वाटतं होती, आणि मला हे कुणी भाषण देऊन पटवलेलं नाही, एका कुंपणाने पटवलं. सरकारी जंगलात झाडं तोडली की त्या तुकड्याभोवती आठ फूट उंच जाळी मारतात, हरणांना बाहेर ठेवायला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथेच थांबलो. जाळीच्या आत माणूस शिरणार नाही एवढी दाट रोपं, मेपल, चेरी, ओक, खाली ट्रिलियमची पांढरी फुलं. बाहेर नजर जाईल तिथपर्यंत नेचे, गुडघ्याएवढे, हिरवेगार, दिसायला फार सुंदर, आणि त्याखाली एकही नवीन झाड नाही. हा नेचा हरीण खात नाही, बाकी सगळं खातं, मग त्याच्या सावलीत बी रुजतच नाही. मोठी झाडं म्हातारी होतायत आणि खाली त्यांची जागा घ्यायला कोणी नाही. वनखात्याच्या संशोधकांनी अलेगेनी पठारावर दहा वर्षं कुंपणात मोजून हरणं ठेवून बघितलं, चौरस मैलाला दहापासून चौसष्टपर्यंत, तर विसाच्या वर गेलं की रोपं घटतात आणि मधल्या उंचीवर घरटी करणारे पक्षीही घटतात असं निघालं. म्हणजे पॉपच्या वहीतले ते चाळीसचे आकडे ज्या काळातले आहेत तेव्हा जंगल आतून रिकामं होत होतं. त्यांना ते भरभराटीचे दिवस वाटतात, आणि एका बाजूने ते होतेही, पण ती चैन पुढच्या पिढीच्या जंगलावर चालली होती.

इथे मात्र मी गेम कमिशनच्या बाजूनेही पूर्ण उभा राहणार नाही. जास्त मारली गेली ही भीती काही ठिकाणी शंभर टक्के खरी होती. परमिट द्यायचे ते काही काउंट्या मिळून होणाऱ्या मोठ्या युनिटला. आता त्याच युनिटमधे एक खासगी जमीन असते जिथे मालक कोणाला पाय ठेवू देत नाही, आणि शेजारी सरकारी जंगल जिथे परमिटवाला कोणीही येतो. कागदावर सरासरी बरोबर, प्रत्यक्षात सरकारी जंगल रिकामं आणि पाटी लावलेल्या शेतात वीस-वीसचे कळप. त्यात आमच्याकडचं डोंगराळ जंगल शेतीच्या खोऱ्यापेक्षा तसंही गरीब, पाडसंसुद्धा खोऱ्यातल्यापेक्षा कमी तगतात, अस्वल आणि कायोटी (कोल्ह्यासारखा इथला प्राणी) घेऊन जातात. तिथे एकदा कळप खाली गेला की वर यायला वेळ लागतो. आणि सगळ्यात वाईट केलं ते म्हणजे २००० च्या दशकाच्या मधे चौरस मैलाला किती हरणं हा हिशोबच बाजूला ठेवला, त्याऐवजी जंगलाची तब्येत, हरणांची तब्येत अशी मापं आणली. शास्त्र म्हणून ते चांगलंच असेल हो, पण ज्याला डोंगरात हरीण दिसत नाही त्याला तुम्ही रोपांचे तक्ते दाखवलेत तर तो काय समजणार? त्याला वाटलं आकडा लपवतायत. लाकूडवाल्यांसाठी चाललंय, परमिटच्या पैशासाठी चाललंय (कमिशन चालतं ते लायसन्सचे पैसे, बंदूक-काडतुसांवरचा केंद्राचा कर अशा पैशावर, राज्याच्या करातून नाही) अशा शंका तिथूनच वाढल्या. मादीचं परमिट दहा डॉलरच्या आत मिळतं, त्यावर कोणी गब्बर होत नाही, पण विश्वास गेला की हिशोब कोण बघतो.

पुढे थोडं ऐकलं गेलं. काही युनिट्समधे, त्यात आमचं २जी पण, पहिले पाच दिवस फक्त नर असा नियम करून बघितला, विधिमंडळाच्या समितीने बाहेरच्या संस्थेकडून सगळ्या कार्यक्रमाची तपासणी करून घेतली, तिचा रिपोर्ट २०१० ला आला आणि एकूण दिशा ठीक आहे असं त्यात होतं. अलीकडे राज्यभरात वर्षाला पुन्हा चार लाखांच्या वर हरणं मिळतायत आणि त्यातले निम्म्याहून जास्त नर अडीच वर्षांचे किंवा मोठे असतात, हे मला शिंगांच्या अटीचं खरं यश वाटतं.

अजून एक गोष्ट जी शिकारी लोकांनाही ऐकायला आवडत नाही, आणि मी पण पॉपसमोर जपूनच बोलतो. बहुतेक शिकारी रस्ता सोडत नाहीत. स्प्रोल नावाच्या सरकारी जंगलात शिकाऱ्यांना जीपीएस देऊन अभ्यास झाला होता, तर ते रस्त्यापासून सरासरी एक किलोमीटरसुद्धा आत नव्हते. हरणाला पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत सगळं कळतं, ते लॉरेलच्या दाट झुडपात किंवा उभ्या चढावर जाऊन बसतं जिथे साठीतला माणूस चढणार नाही. आणि शिकाऱ्यांचं वय वाढतंय, संख्याही कमी झालीय, पूर्वी एवढी माणसं डोंगरात असायची की कोणीतरी हरणं उठवायचं आणि ती तुमच्यासमोरून जायची. आता सगळे गप्प बसलेले, मग हरीण पण बसलेलं.

आणि जंगल म्हातारं झालंय. जे डोंगर १९०० च्या आसपास बोडके झाले तिथली झाडं आता शंभरीची, वर छत बंद, खाली ऊन नाही, म्हणून चारा नाही. परमिट उद्या बंद केले तरी त्या दगडासमोर चाळीस हरणं येणार नाहीत, त्यांनी खायचं काय?

हे मी पॉपना सांगून उपयोग नव्हता, एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी नगरहून येऊन काय शिकवणार. दोन वर्षांपूर्वी एवढंच केलं की त्यांच्या दगडावर न बसता तिथून दीड मैलावर पाच-सहा वर्षांपूर्वी तोडलेल्या तुकड्याच्या कडेला मचाण लावलं, जिथे पुरुषभर झाडोरा आहे. संध्याकाळी कॅम्पवर आलो, त्यांनी विचारलं किती, मी म्हटलं नऊ, सहा माद्या, दोन पाडसं, एक लहान नर, मारलं काही नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढली, स्वतःचे दोन लिहिले, आणि खाली माझं नाव घालून नऊ लिहिलं, पुढे जागाही लिहिली, जी त्यांनी आजवर कधी लिहिली नव्हती कारण जागा एकच होती. गेल्या नोव्हेंबरात मला म्हणाले, गुडघा साथ देईल तिथपर्यंत मला तिकडे घेऊन चल. आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत गेलो.