नॅश की केव्हिन जॉन्सन? फिनिक्स सन्सचा सर्वोत्तम पॉइंट गार्ड

तुमचा प्रश्न असा: एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स सन्सच्या इतिहासातला सर्वोत्तम पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारा खेळाडू) कोण? खाली तुम्हीच पुस्ती जोडली आहे की स्टीव्ह नॅशला दोन एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) मिळालेत, म्हणजे विषय संपला. माझ्या मते संपत नाही. माझं मत केव्हिन जॉन्सनला. नॅश दुसरा, पण अगदी मागोमाग.

मी चिपळूणचा. इथे 'सन्स' म्हटलं की लोकांना आधी सनरायझर्स आठवतात. बास्केटबॉल म्हणजे कॉलेजच्या आवारातला सिमेंटचा कोर्ट, ज्यावर जूनपासून शेवाळ धरतं आणि पोरं गणपती होईपर्यंत कॅरमकडे वळतात. तरी आम्ही दोन-चार वेडे आहोत. फिनिक्सचा संघ निवडण्यात एक सोयही आहे. तिथे ऋतूप्रमाणे घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे त्यांचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे कधीही सकाळी साडेसातलाच. चहा, सामना, मग दुकान.

या संघाबाबत विजेतेपदाच्या अंगठ्या मोजून वाद मिटवता येत नाही, कारण मोजायला अंगठ्याच नाहीत. १९६८ साली संघ सुरू झाला. १९७६, १९९३ आणि २०२१ अशा तीन वेळा अंतिम फेरी गाठली, आणि तिन्ही वेळा चार-दोननेच हरला. नॅश तर सन्सकडून अंतिम फेरीत कधी पोचलाच नाही, पण मी ते त्याच्या विरोधात धरत नाही. २००७ साली प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, स्पर्सविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या सामन्यात टोनी पार्करशी टक्कर होऊन त्याचं नाक फुटलं, रक्त थांबेना, आणि सामना अटीतटीला आलेला असताना त्याला बाहेर बसावं लागलं. चौथ्या सामन्यात रॉबर्ट ऑरीने त्याला धडक देऊन थेट स्कोअररच्या टेबलावर आदळलं. ते बघून बाकावरून उठले म्हणून अमारे स्टॉडेमायर आणि बोरिस डियाव यांच्यावर एका सामन्याची बंदी आली. मालिका तेव्हा दोन-दोन होती. अशा हाराकिरीत पॉइंट गार्डचा काय दोष?

मग आकडे बघू. सन्ससाठी नॅशचे ६,९९७ असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास), जॉन्सनचे ६,५१८. बहुतेक जण इथे थांबतात आणि नॅशला पुढे टाकतात. पण नॅश ७४४ सामने खेळला, जॉन्सन ६८३. सामन्यामागे काढलंत तर जॉन्सन ९.५, नॅश ९.४. पास देण्यात उन्नीस-बीससुद्धा नाही. गुणांत मात्र जॉन्सन सामन्यामागे १८.७, नॅश १४.४. जॉन्सनने १९८८-८९ पासून लागोपाठ तीन हंगाम सरासरी वीसच्या वर गुण आणि दहाच्या वर असिस्ट काढले. नॅशची एकाही हंगामात गुणांची सरासरी वीसपर्यंत गेली नाही. एमव्हीपीच्या दोन्ही वर्षांतही नाही.

नॅशचे लोक म्हणतात, तो संघ बदलून टाकायचा. खरं आहे. २००३-०४ मध्ये सन्सनी २९ सामने जिंकले, नॅश डॅलसहून परत आला आणि पुढच्याच हंगामात ६२. 'परत' म्हणतोय, कारण १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, फिनिक्सनेच त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं होतं. तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, आणि दोन वर्षांनी संघाने त्याला डॅलसला देऊन टाकलं. त्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा मला पहिल्या एमव्हीपीपेक्षा दुसऱ्या एमव्हीपीच्या वर्षात दिसतो. २००५-०६ मध्ये गुडघ्यामुळे स्टॉडेमायर फक्त तीन सामने खेळला. जो जॉन्सन अटलांटाला गेला होता. त्याच्या बदल्यात आलेला डियाव तिकडे फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. नॅशच्या शेजारी उभा राहून तोच त्या वर्षीचा सर्वाधिक सुधारलेला खेळाडू ठरला. त्या फाटक्या संघाने ५४ सामने जिंकले आणि वेस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाची, फायनल गाठली. शिमग्यात पालखी नाचवताना पुढचा कुठे वळणार हे मागच्याला न सांगता कळतं ना, तसं त्या पाच जणांचं चालायचं. सात सेकंदांच्या आत शॉट, आणि शॉट कोण घेणार ते नॅशने चेंडू पुढे आणतानाच ठरवलेलं.

पण हाच न्याय जॉन्सनला लावा. १९८७ च्या अमली पदार्थांच्या प्रकरणात काही खेळाडू अडकल्यावर सन्स पार विस्कटले होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांनी लॅरी नान्ससारखा तयार खेळाडू क्लीव्हलँडला दिला आणि नवख्या केव्हिन जॉन्सनला आणलं. क्लीव्हलँडकडे त्याच जागेवर मार्क प्राइस होता, त्यांना हा पोरगा जास्तीचा झाला होता. १९८७-८८ मध्ये सन्सचे विजय २८, पुढच्या हंगामात ५५. नॅशच्या वेळचीच उडी म्हणा ना. त्याच उन्हाळ्यात टॉम चेंबर्स आला आणि कॉटन फिट्झसिमन्स प्रशिक्षक म्हणून परतला, त्यांचा वाटा आहेच, पण नॅशलाही प्रशिक्षक माइक डँटोनी आणि सोबती शॉन मॅरियन होतेच की. फरक पुढे पडतो. १९८८-८९ पासून १९९४-९५ पर्यंत सलग सात हंगाम सन्सनी पन्नासच्या वर सामने जिंकले. चार्ल्स बार्कलीसारखा बडा खेळाडू येण्याआधीची चार वर्षंही यात आहेत, आणि लोक नेमकं हेच विसरतात. १९९० मध्ये बार्कली फिलाडेल्फियात होता. तेव्हा जॉन्सनने प्लेऑफच्या पहिल्या फेरीत युटाच्या मैदानावर, जॉन स्टॉकटनच्या समोर, निर्णायक पाचवा सामना शेवटच्या क्षणी जंपशॉट मारून काढला. पुढच्या फेरीत लेकर्स. ६३ सामने जिंकलेले, मॅजिक जॉन्सन त्या वर्षीचा एमव्हीपी. सन्सनी त्यांना चार-एकने घरी पाठवलं.

आणखी एक गोष्ट चर्चेत येत नाही. २००४-०५ च्या हंगामापासून एनबीएने बाहेरच्या भागात चेंडूवाल्याला हाताने रोखण्याचे नियम कडक केले. नॅश फिनिक्सला परतला तो नेमका त्याच वर्षी. त्याचं कौशल्य कमी ठरत नाही, पण वाट मोकळी झाली एवढं तर मान्य करा. जॉन्सनच्या काळात ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला ढकलत नेलं जायचं. तरी हा सहा फूट एक इंचाचा माणूस सरळ रिंगपर्यंत जायचा. १९९४ मध्ये त्याने सात फुटी हकीम ओलाजुवनच्या डोक्यावरून डंक मारला, ती क्लिप तुम्ही पाहिली असेलच.

क्लिप पाहून भागत नाही, म्हणून सांगतो: १९९५ चा ह्यूस्टनविरुद्धचा सातवा सामना पूर्ण पाहा. जुने अख्खे सामने यूट्यूबवर सापडतात. मीही जॉन्सन बराचसा तिथेच पाहिला, रात्री लाईट असेल तेव्हा. त्या मालिकेत सन्स तीन-एकने पुढे होते आणि सातव्या सामन्यापर्यंत येऊन अडकले. त्या दिवशी जॉन्सनने ४६ गुण केले, २२ पैकी २१ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) टाकले. शेवटच्या काही सेकंदांत ह्यूस्टनच्या मारियो एलीने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारला आणि सन्स ११५-११४ असे हरले. हरलेल्या सामन्यातली यापेक्षा मोठी खेळी मला सन्सच्या कुठल्याच गार्डची आठवत नाही. १९९३ च्या फायनलचंही तसंच. घरच्या पहिल्या दोन सामन्यांत तो चाचपडत होता, लोक त्याच्या नावाने बोटं मोडत होते. तिसरा सामना शिकागोत तीन ओव्हरटाइमपर्यंत लांबला आणि त्यात तो ६२ मिनिटं खेळला. फायनलच्या इतिहासातला तो विक्रम आहे, आणि तो सामना सन्सनी जिंकला.

त्याच्या विरोधात बोलायचं तर दोन मुद्दे वजनदार आहेत. एक, तो सारखा जायबंदी व्हायचा. ६२ विजयांच्या त्या १९९२-९३ च्या हंगामात तो ४९ सामनेच खेळला. दोन, तिनाचा शॉट कितीतरी वर्षं त्याच्याकडे जवळजवळ नव्हताच. नॅश चार हंगामांत मैदानी शॉट ५०, तिनाचे ४० आणि फ्री थ्रो ९० टक्क्यांच्या वर घेऊन गेला. शुद्ध नेमबाजीत दोघांची तुलनाच नको. पण बचावाला उभं राहायची वेळ आली की समोरचा चलाख गार्ड बऱ्याचदा मॅरियनकडे किंवा राजा बेलकडे सोपवावा लागायचा. जॉन्सनला असं लपवावं लागलं नाही.

ख्रिस पॉलवरून माझं नि पुतण्याचं वाजतं. तो म्हणतो, "काका, दहा वर्षं प्लेऑफ नाही, पॉल आला आणि थेट फायनल. अजून काय पाहिजे?" मुद्दा चांगला आहे, पण पॉल येण्याआधीच डेव्हिन बुकरच्या सन्सनी २०२० च्या बबलमध्ये, म्हणजे कोरोनात एकाच बंदिस्त जागी झालेल्या सामन्यांत, आठपैकी आठ सामने जिंकले होते. घर उभं राहत होतं, पॉलने छप्पर घातलं. २०२१ च्या फायनलचा सहावा सामना आपल्याकडे बुधवारी, २१ जुलैच्या सकाळी होता. मिलवॉकीच्या यानिसने ५० गुण मारले आणि खेळ आटोपला. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, मग किती तरी दिवस बास्केटबॉल कुणाच्या डोक्यातच नव्हता. त्यामुळे पॉलबद्दलचं माझं मत सावकाश, थंड डोक्याने बनलेलं आहे. ६४ विजयांचा विक्रमी हंगाम त्याच्या हातून झाला, पण तोच हंगाम घरच्या मैदानावर सातव्या सामन्यात डॅलसकडून ३३ गुणांनी हरून संपला. एकूण तीनच हंगाम. तिसरा क्रमांक.

जेसन किड कदाचित या चौघांत सगळ्यात परिपूर्ण खेळाडू. लागोपाठ तीन वर्षं असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला, तिन्ही वेळा ऑल-एनबीएच्या पहिल्या संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम पाचांत. पण त्याच्या काळात सन्सनी प्लेऑफची एकच मालिका जिंकली, २००० साली स्पर्सविरुद्ध, तीही टिम डंकन जखमी असताना. त्याचं मोठं यश न्यू जर्सीत, तिथे गेल्यागेल्या लागोपाठ दोन फायनल. संघाच्या इतिहासाचा प्रश्न असेल तर तो चौथा. गंमत बघा, त्या २००० च्या वसंतात किडचा घोटा मोडला तेव्हा संघाने निवृत्त झालेल्या केव्हिन जॉन्सनलाच बोलावून घेतलं. आणि १९९६-९७ मध्ये तर जॉन्सन, किड आणि नॅश तिघंही एकाच संघात होते. त्या हंगामाची सुरुवात सन्सनी सलग १३ पराभवांनी केली होती. किड डिसेंबरात येईपर्यंत ते होऊन गेलं होतं, म्हणून त्याला सोडून द्या.

पाचव्यासाठी लोक स्टीफन मार्बरीचं नाव घेतात. मी गोरान ड्रॅगिचला घेईन. २०१३-१४ मध्ये ज्या संघाकडून कुणाला काडीची आशा नव्हती, त्याला त्याने ४८ विजयांपर्यंत नेलं. तेवढ्यावरही प्लेऑफ हुकला, कारण पश्चिमेकडे त्या वर्षी गर्दीच तशी होती. पॉल वेस्टफालचं नाव मात्र इथे आणू नका. तो वरच्या सगळ्यांच्या पंगतीत बसेल, पण खेळायचा शूटिंग गार्ड म्हणून.