पहिल्यांदाच धर्मग्राम (पॅरिश) सांभाळताय?

फादर, अभिनंदन! चांगल्या धर्मगुरूच्या गुणांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाते. सध्या मोजक्या गोष्टी धरा.

सगळ्यात आधी माणसं. कॅनन ५२९, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातला ५२९ वा नियम, घरभेटी घ्यायला सांगतो. आजारी, गरीब, एकाकी यांना शोधून काढायला सांगतो. घरी गेलात की घड्याळाकडे बघू नका आणि देणगीचा विषय काढू नका. आजींच्या गुडघेदुखीची कहाणी पूर्ण ऐका. शस्त्रक्रिया कोणाची, कधी, हे वहीत टिपा आणि रविवारी मिस्सानंतर दारात उभं राहून नावानिशी विचारा. (वहीत फक्त घरभेटीतलं. पापनिवेदनातलं एक अक्षरही नाही, हे तुम्हाला सांगायला नको.)

प्रवचन छोटं ठेवा. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांची मर्यादा सांगितली होती. एकच मुद्दा घ्या, आणि तयारी शनिवारी रात्रीवर ढकलू नका.

पैसा एकट्याने हाताळू नका. अर्थसमिती बंधनकारक आहे. तिला खरंच विचारा, नुसत्या सह्या घेऊ नका.

नवखे हमखास इथे घसरतात:
- आल्या आल्या मिस्साची वेळ बदलणं. वर्षभर तरी थांबा.
- आधीच्या फादरांची उणीदुणी काढणं.
- चार वजनदार मंडळींच्या कोंडाळ्यात अडकणं. बाकीचे लोक बोलत नाहीत, पण बघत असतात.

पापनिवेदनाची ठरलेली वेळ मात्र पाळाच, कोणी येवो न येवो.

बांधकाम आणि कागदपत्रांचं नंतर बोलू.