नॉरएड्रेनालिन वाढवूनही बीपी का चढत नाही, आणि मग व्हॅसोप्रेसिन का जोडतात?

तुमचा प्रश्न सेप्टिक शॉकबद्दल (संसर्गामुळे बीपी कोसळतो ती अवस्था) आहे, तेव्हा त्यापुरतंच सांगतो. ही दोन्ही औषधं शेवटी एकच काम करतात, रक्तवाहिन्या आखडून बीपी चढवतात; फक्त बसतात वेगळ्या रिसेप्टरवर (पेशीवरची औषध ओळखणारी जागा).

नॉरएड्रेनालिन रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीवरच्या अल्फा-१ रिसेप्टरला चिकटतं. त्याला जोडलेलं जीक्यू प्रथिन फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला कामाला लावतं, आयपी-३ हा निरोप्या रेणू तयार होतो आणि पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. त्या कॅल्शियममुळे मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढतो, स्नायू आखडतो, वाहिनी अरुंद होते. बीटा-१ रिसेप्टरमुळे हृदयालाही थोडा जोर मिळतो. व्हॅसोप्रेसिन व्ही-१ए रिसेप्टरवर बसतं. तिथून पुढची साखळी हीच.

मग अडतं कुठे? सतत चेतवलेले अल्फा रिसेप्टर मंदावतात. नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या सैल ठेवतो. अ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्त आम्लीय झालं की, एटीपीवर (पेशीच्या ऊर्जा-रेणूवर) अवलंबून असलेले पोटॅशियम चॅनल उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पडद्यावरचे कॅल्शियम चॅनल उघडेनासे होतात. म्हणजे औषध पोहोचतं, पण पेशी दाद देत नाही. शिवाय शॉक लांबला की शरीरातलं स्वतःचं व्हॅसोप्रेसिन कमी पडू लागतं. म्हणून नॉरएड्रेनालिन मिनिटाला किलोमागे ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं की व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट या ठरलेल्या वेगाने जोडतात. बीपी बघून ते चढवत न्यायचं नाही. जास्त झालं तर बोटं, आतडी आणि हृदय यांचा रक्तपुरवठा तुटतो. मीन प्रेशर (सरासरी धमनी दाब) ६५ मिमी पारा हे सुरुवातीचं लक्ष्य पुरेसं असतं.

पण डोस वाढवण्याआधी पंप आणि लाइन बघा, हे मला रिसेप्टरइतकंच महत्त्वाचं वाटतं. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीला आहे ना? फ्लुइड कमी पडतंय का, कुठे रक्तस्राव आहे का? नॉरएड्रेनालिनचा अर्धायुकाल (औषध निम्मं होण्याचा वेळ) जेमतेम दोन-तीन मिनिटांचा, त्यामुळे सिरिंज बदलताना रेंगाळलात तर बीपी लगेच कोसळतो. ५० मिलीत ४ मिलिग्रॅम असेल तर ६० किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमचा डोस म्हणजे तासाला ४.५ मिली. हे ४ मिलिग्रॅम बेसचे (प्रत्यक्ष औषधाचे) की टार्ट्रेटचे (त्याच्या क्षाराचे), ते अँप्यूलवर वाचा: २ मिलिग्रॅम टार्ट्रेटमध्ये बेस साधारण १ मिलिग्रॅमच असतो, म्हणजे चूक थेट दुपटीची.

परिघीय (हातापायाच्या) शिरेतून देत असाल तर जागा वारंवार तपासा. औषध शिरेबाहेर झिरपून त्वचा पांढरी, गार पडली की इन्फ्युजन दुसऱ्या शिरेत हलवा, कॅन्युला (शिरेतली नळी) लगेच काढू नका, आधी तिच्यातून उरलेलं औषध ओढून घ्या. मग ५ ते १० मिलिग्रॅम फेंटोलामिन १० मिली सलाइनमध्ये मिसळून त्या भागात टोचा. ते तिथले अल्फा रिसेप्टर अडवतं.