पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

ताई, बाळ आठ महिन्यांचं आहे. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. सव्वाशे माणसांच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दिवसभर बाळ झेपत नाही. पाळणाघर १४ हजार सांगतंय. नवरा म्हणतो, तुझ्या ३२ हजारांतले निम्मे तिथेच जाणार, मग एवढी धावपळ कशाला? राजीनामा देऊ का? – स., डोंबिवली

स., इतक्यात राजीनामा नको. आधी हा हिशेब बघ, तू तर अकाउंट्सवाली! फी एकट्या तुझ्या पगारातून का वजा झाली? बाळ दोघांचं, तर फीसुद्धा घरात येणाऱ्या एकूण पैशांतून जाणार. पीएफ आणि दरवर्षीची पगारवाढही त्यात धर. फी काही वर्षांत संपते. सुटलेली नोकरी परत मिळवताना मात्र 'मधली वर्षं काय केलंत?' असं विचारणारे भेटतातच, आणि पगारही बहुधा खालून सुरू होतो.

आता ऑफिसकडे वळ. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तुमची कंपनी या नियमात बसते. अर्थात गर्दीच्या लोकलमधून तान्ह्या बाळाला अंधेरीला कोण नेणार! म्हणून घराजवळच्या पाळणाघराच्या फीला हातभार लावाल का, असं विचार. रजेनंतर घरून काम करण्याचीही तरतूद आहे, पण कामाचं स्वरूप तसं हवं आणि कंपनी राजी हवी. तोंडी बोलू नकोस, मेल कर. महिनाअखेर सोडून आठवड्यातले दोन दिवस माग आणि बँकेची जुळवणी, जीएसटीची बिलं अशी कुठली कामं घरून होतील तेही लिही. साहेबांना नुसत्या अडचणी सांगितल्या की ते हळहळतात आणि विषय तिथेच राहतो.

घरातलं जरा अवघड. 'मी मदत करतो' यावर विसंबू नकोस. सकाळी बाळाला सोडणं हे नवऱ्याचं काम, रोजचं. संध्याकाळचा तासभर सासूबाईंना जमेल का, ते त्यांनाच विचार. ताप आला की पाळणाघरवाले बाळाला घेणार नाहीत, तेव्हा रजा आळीपाळीने. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर त्याचा घाल.